एकच हॅश, तीन रूपे

१ जुलै २०२४ रोजी लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने हॅश मूल्य थेट न्यायालयाच्या कागदांत आणले. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात ते आता लिहावे लागते. पुढे कोणी तेच मूल्य दुसऱ्या यंत्रावर काढून पहिल्याशी ताडून पाहील. या ताडून पाहण्याचा इतिहास मात्र वाटतो तितका सरळ नाही.

वेस्ली पीटरसन यांनी १९६१ साली मांडलेली सीआरसी पद्धत घेऊ. तिची ३२ बिटांची आवृत्ती झिप फायलींत आजही नांदते. (हेतुपुरस्सर केलेल्या फेरफारापुढे ती दुबळी आहे, म्हणून पुराव्यासाठी निरुपयोगी; पण घोटाळा समजून घ्यायला तीच सोपी.) ‘१२३४५६७८९’ ही इंग्रजी अंकांची ओळ तिला दिली, तर उत्तर षोडशमानात सीबीएफ४३९२६ येते आणि दशमानात ३४२१७८०२६२. पायथन २.७ मात्र याच ओळीसाठी −८७३१८७०३४ सांगत असे.

चूक कोणाचीच नव्हती. ऋण संख्या पूरक रूपात साठवण्याची कल्पना जॉन फॉन नॉयमन यांच्या १९४५ च्या एडव्हॅक अहवालात आढळते. तीनुसार ३२ बिटांतला सर्वांत डावा बिट १ असला की संख्या ऋण मानली जाते. ३४२१७८०२६२ मधून ४२९४९६७२९६, म्हणजे २ चा ३२वा घात, वजा करा. तीच ऋण संख्या मिळेल. डिसेंबर २००८ मधल्या पायथन ३ ने उत्तर नेहमी धन ठेवले. जुन्या नोंदी मात्र होत्या तशाच राहिल्या.

पीएचडीच्या काळात जुन्या मोजमापांच्या फायली पडताळताना मला सुमारे निम्म्या फायली बिघडलेल्या दिसल्या. त्या पुसून टाकण्याचे जवळपास ठरलेही होते. पण नेमक्या निम्म्याच का? डावा बिट १ असण्याची शक्यताही निम्मीच असते, हे ध्यानात यायला दोन दिवस लागले. दोन्ही मूल्यांचे फक्त खालचे ३२ बिट ठेवून तुलना केली आणि एकूण एक फाइल शाबूत निघाली.

पायथनची मुकाट वृत्ती इथे अधिक घातक ठरते. षोडशमानातली अक्षरांची ओळ आणि पूर्णांक यांची तुलना केली, तर तो त्रुटी दाखवत नाही. निमूटपणे ‘असत्य’ म्हणतो. पूर्णांकापासून षोडशमान रूप करताना सुरुवातीची शून्ये गळतात, तीही न सांगता. म्हणून दोन्ही बाजू आधी पूर्णांकात आणाव्यात, मगच ताडाव्यात.

नव्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात एसएचए१, एसएचए२५६, एमडी५ की अन्य पद्धत, हे विचारले आहे. मूल्य कोणत्या रूपात लिहिले, हे विचारलेले नाही.