औक्षवंत डास

आपल्याकडे कुणी पाया पडलं की 'औक्षवंत हो' म्हणायची रीत आहे. मात्र हा आशीर्वाद डासाला देऊ नये. त्यानं पायाला चावा घेतला, तरीही! कारण डास किती दिवस जगतो, या एका प्रश्नापायी जगातली लाखो माणसं दगावली आहेत.

लंडनचे पॅट्रिक मॅन्सन म्हणजे केवढा विद्वान माणूस! हिवतापात डासाचा हात, म्हणजे सोंड, आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं. पण त्यांच्या हिशेबी डासाची मादी एकदाच रक्त पिते, पाण्यावर अंडी घालते आणि तिथंच देह ठेवते. ते पाणी माणूस पितो आणि थडथडू लागतो. कहाणी सुफळ संपूर्ण! अल्मोड्यात जन्मलेले लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी १८९५ साली सिकंदराबादेत मेलेल्या डासांचं पाणी काही जणांना पाजूनही पाहिलं. पण हवा तसा हिवताप काही कुणाला येईना.

बाई मुळी एकदा जेवून मरणारी नव्हतीच. नर बिचारा फुलांच्या रसावर जगणारा शाकाहारी प्राणी. मादीला मात्र डोहाळे रक्ताचे. रक्त मिळालं की दोन-तीन दिवसांत शंभर-दीडशे अंडी, की पुन्हा पंगतीला हजर. अंड्यापासून डास व्हायला उबदार पाण्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे पोरगी महिन्याभरात आजी!

शेवटी १८९७च्या ऑगस्टमध्ये रॉसनी हुसेन खान नावाच्या रोग्याला मच्छरदाणीत झोपवलं आणि डास बाहेर ठेवायचे सोडून आत सोडले. दर चाव्याला एक आणा! आपण आयुष्यभर फुकट चावून घेतो, याचं वाईट वाटतं. २० ऑगस्टला, चावा घेऊन चार दिवस झालेल्या डासाच्या जठरात रॉसना अनोळखी पेशी दिसल्या. दुसऱ्या दिवशी कापलेल्या डासात त्या आणखी वाढलेल्या होत्या. डास जगला तरच त्याच्या पोटातला रोग वाढतो, हे असं डोळ्यांना दिसलं. या कामगिरीबद्दल सरकारनं काय करावं? महिन्याभरात खेरवाड्याला बदली! तिथं हिवतापाचे रोगी नावाला. पुढं १८९८ साली कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून रॉसनी डासाच्या लाळेपर्यंत माग काढला, आणि १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळवलं.

रोग्याला चावल्यापासून लाळेत जंतू उतरेपर्यंत साधारण दहा ते चौदा दिवस जातात. तोवर मेलेला डास निरुपद्रवी. जॉर्ज मॅकडोनाल्ड या इंग्रज डॉक्टरांनी १९५०च्या सुमारास याचं गणित मांडलं. तुम्हीही करून पाहा. रोज शंभरातले नव्वद डास वाचले, तर दहा दिवसांनी पस्तीस उरतात. रोज निम्मेच वाचले, तर हजारात जेमतेम एक! म्हणजे सगळे डास मारायची गरज नाही. त्यांना म्हातारं होऊ दिलं नाही, की झालं.

पोट भरलं की मादी भिंतीवर टेकते, म्हणून भिंतींवर डीडीटी मारायचं. आपल्या देशात १९५३ साली ही मोहीम सुरू झाली. त्यापूर्वी वर्षाला साडेसात कोटी रोगी आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६५ साली रोगी उरले सुमारे एक लाख! मग आपण निवांत झालो. डास निवांत नव्हते. डीडीटीला दाद न देणाऱ्या त्यांच्या नव्या पिढ्या निपजत होत्या. १९७६ साली रोग्यांचा आकडा चौसष्ट लाखांवर गेला.

म्हणून आजही 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' असं सांगतात. हे ऐकून आमच्या एका मित्राचा चेहरा पडला होता. त्याला समजावलं, की बाबा रे, कोरडी करायची आहेत ती पाण्याची पिंपं! ती आठवड्याला रिकामी करून घासली, तर अळीचा डासच होत नाही. बाकीचे सहा दिवस तुझे तू बघ.