पनवेलची औषधपरंपरा आणि कर्णनाद : एका दुःसाध्य व्याधीच्या उपचारांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात किंवा डोक्यात शिट्टी, गुंजारव, रातकिड्यांची किरकिर अथवा वाफेचा फूत्कार सतत ऐकू येणे या अवस्थेस आयुर्वेदात कर्णनाद व आधुनिक वैद्यकात टिनिटस असे म्हणतात. ही व्याधी प्राणघातक नाही. मात्र ती रुग्णाची झोप, एकाग्रता आणि मनःस्वास्थ्य हिरावून घेते. बहुतेक रुग्णांचा हा आवाज दुसऱ्या कोणालाही ऐकू येत नाही. त्यामुळे रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवण्यापलीकडे तपासणाऱ्याच्या हाती फारसा पुरावा नसतो. २०२२ मध्ये 'जामा न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना, म्हणजे ७४ कोटींहून अधिक व्यक्तींना कर्णनादाचा अनुभव येतो. त्यांपैकी १२ कोटींहून अधिक लोकांना तो गंभीर स्वरूपाचा त्रास वाटतो.

वैद्यकाच्या इतिहासलेखनात प्लेग, देवी, पटकी अशा संहारक साथींना मोठे स्थान मिळाले. माणसाला न मारणाऱ्या, परंतु त्याचे जगणे कठीण करणाऱ्या व्याधींचा इतिहास त्या मानाने दुर्लक्षित राहिला. कर्णनाद हे त्याचे ठळक उदाहरण होय. या व्याधीच्या उपचारांचा मागोवा घेताना पनवेल हे गाव विशेष उपयुक्त ठरते, कारण वैद्याच्या घरातील खलबत्ता ते कारखान्यातील सीलबंद बाटली हे आयुर्वेदाचे स्थित्यंतर पनवेलमध्ये फार लवकर घडले. औषध बाटलीत भरून दूरवर पाठविता येते, पण त्यासोबतचे पथ्य व वैद्याचे लक्ष बाटलीत भरता येत नाही, आणि कर्णनादासारख्या व्याधीत नेमके तेच अधिक मोलाचे असते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्राचीन ग्रंथांतील कर्णनाद :

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोगांची गणना आढळते. शब्द वाहून नेणाऱ्या सिरांमध्ये वायू विमार्गग झाला असता नाना ध्वनी ऐकू येतात, असे कर्णनादाचे वर्णन तेथे येते. कर्णक्ष्वेडाचा निर्देश स्वतंत्रपणे केला आहे. व्याधीचे भेद करण्याचा हा प्रयत्न सूक्ष्म निरीक्षणाचा द्योतक आहे.

उपचारांचा विचार करताना सुश्रुताने कर्णशूल, कर्णनाद, बाधिर्य व कर्णक्ष्वेड या चार व्याधींना एकत्र घेऊन त्यांची सामान्य चिकित्सा सांगितली. स्नेहन, स्वेदन, स्निग्ध विरेचन आणि कर्णपूरण हे तिचे मुख्य अंग होय. त्याचबरोबर घृतपान, रसायनसेवन, व्यायामवर्जन, डोक्यावरून स्नान न करणे, ब्रह्मचर्य व अतिभाषण टाळणे असे नियमही घालून दिले. याचा अर्थ, कानात घालावयाचे तेल हा उपचाराचा केवळ एक भाग होता. रुग्णाची दिनचर्या बदलणे हा दुसरा भाग होता आणि त्याचे महत्त्व यत्किंचितही कमी नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही कानात नित्य तेल घालणे हा दिनचर्येचाच भाग मानला आहे.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील एक निरीक्षण विशेष उल्लेखनीय आहे. कर्णनादाची उपेक्षा केल्यास रुग्णाला प्रथम मोठ्याने बोललेलेच कष्टाने ऐकू येते व पुढे क्रमाने बहिरेपण येते, असे तेथे म्हटले आहे. नाद आणि श्रवणऱ्हास यांचे नाते या ग्रंथकाराने ओळखले होते. आधुनिक मत कार्यकारणाचा क्रम उलटा लावते. श्रवणऱ्हास आधी होतो व नाद हा त्याचा परिणाम असतो, असे आज मानले जाते. परंतु या दोहोंची सांगड अबाधित आहे आणि नाद वाढू लागल्यास प्रथम श्रवणचाचणी करावी, हा आजचा सल्ला त्याच सांगडीवर आधारलेला आहे.

येथे एका समांतर परंपरेची नोंद घेणे आवश्यक आहे. पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत नादानुसंधानाच्या प्रकरणी समुद्र, मेघ, भेरी, शंख, घंटा, वेणू, वीणा व भ्रमर यांच्या ध्वनींसारखे आंतरिक नाद वर्णिले आहेत. वैद्याने ज्यांना व्याधीची लक्षणे म्हटले, त्यांच्याशी मिळतेजुळते ध्वनी योग्याने साधनेतील टप्पे मानले. हे दोन्ही अनुभव एकच होते असे म्हणता येणार नाही. तथापि आतून येणाऱ्या ध्वनीचा त्रास हा त्या ध्वनीइतकाच त्याला दिलेल्या अर्थावर अवलंबून असतो, हा विचार या तुलनेतून पुढे येतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस श्रवणशास्त्र निराळ्या मार्गाने याच विचारापाशी पोहोचले.

पनवेल : खलबत्ता ते कारखाना :

खाडीकाठचे बंदर आणि बोरघाटमार्गे पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील ठाणे म्हणून पनवेलला एकोणिसाव्या शतकात महत्त्व होते. येथील नगरपालिका १८५२ इतकी जुनी आहे. या गावात वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये श्री धूतपापेश्वर या नावाने आयुर्वेदीय औषधनिर्मितीचा पाया घातला. राजापूरजवळील धोपेश्वर येथे याच नावाचे शिवस्थान आहे. कोलकात्यातील डाबर १८८४ मध्ये, ढाक्यातील शक्ती औषधालय १९०१ मध्ये आणि केरळातील कोट्टक्कल आर्य वैद्यशाळा १९०२ मध्ये सुरू झाली. हे लक्षात घेतल्यास पनवेलच्या प्रारंभाचे अग्रेसरत्व स्पष्ट होते.

या स्थित्यंतराचे लाभ मोठे होते. तेल, घृत, भस्म, वटी यांची पाठाबरहुकूम निर्मिती सर्वांना साधणारी नव्हती. ज्या गावी जाणता वैद्य नव्हता तेथेही आता औषध पोहोचू लागले. भैषज्यरत्नावलीच्या कर्णरोगाधिकारातील सारिवादी वटी किंवा बाधिर्यासाठी सांगितलेले बिल्वतेल यांसारखे पाठ अनेक उत्पादकांच्या सूचीत आले. याच काळात मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने संहिता छापून सुलभ केल्या, शंकर दाजीशास्त्री पदे यांनी मराठीतून आयुर्वेदाचा प्रसार केला आणि १९०७ मध्ये नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा आरंभ झाला. १९३८ च्या मुंबई वैद्यक व्यवसायी कायद्याने वैद्यांच्या नोंदणीची सोय झाली व १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधे औषध कायद्याच्या कक्षेत आली.

परंतु या प्रक्रियेत एक गोष्ट मागे पडली. पूर्वी वैद्य रुग्णाची नाडी पाहून, त्याची झोप, आहार व काम यांची चौकशी करून तेल देई आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावी. बाटलीवरील चिठ्ठीत रोगाचे नाव व मात्रा एवढेच मावते. तीव्र ज्वरात किंवा अजीर्णात यामुळे फारसे बिघडत नाही. वर्षानुवर्षे चालणाऱ्या कर्णनादात मात्र रुग्ण एकामागून एक औषधे बदलत राहतो आणि प्रत्येक अपेक्षाभंगानंतर आवाजाकडे त्याचे लक्ष अधिकच वेधले जाते. हा दोष कोणा एका उत्पादकाचा नाही. औषध व उपचार यांची फारकत झाल्याचा हा परिणाम असून पाश्चात्त्य औषधांच्या बाबतीतही तेच घडले. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याने ज्या रोगांवरील हमखास उपायांच्या जाहिरातींना मनाई केली, त्या यादीत बहिरेपणाचा समावेश आहे, ही बाब या संदर्भात बोलकी आहे.

औषधातून उद्भवणारा नाद :

कर्णनादाच्या इतिहासाचा एक उपरोधिक भाग म्हणजे काही औषधेच त्याला कारणीभूत ठरली. १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीपासून क्विनीन वेगळे करण्यात आले. हिवतापावरील हुकमी औषध म्हणून भातखाचरांच्या व खाड्यांच्या कोकणपट्टीसह देशभर त्याचा प्रसार झाला. क्विनीनच्या अधिक मात्रेने कान वाजू लागतात, हे डॉक्टरांना व रुग्णांनाही लवकरच ठाऊक झाले. १८९९ पासून बाजारात आलेल्या ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेनेही तसेच होते. या दोन्ही औषधांमुळे येणारा नाद बहुधा औषध थांबविल्यावर ओसरतो. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन व कॅनामायसिन यांसारख्या इंजेक्शनांनी होणारी अंतर्कर्णाची हानी मात्र बहुधा कायमची असते. म्हणून वाढत्या कर्णनादाच्या रुग्णाने घेत असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवणे आवश्यक ठरते. कोणतेही औषध परस्पर बंद करणेही तितकेच घातक होय.

नाद नष्ट करणे की त्यासह जगणे :

फ्रेंच चिकित्सक इटार्ड याने १८२१ मधील कर्णरोगांवरील ग्रंथात कर्णनाद बहुधा हटत नाही, हे मान्य करून बाहेरील ध्वनीने तो झाकण्याचे मार्ग सुचविले. शेकोटीतील लाकडांची तडतड व पडणाऱ्या पाण्याचा आवाज हे त्यांपैकी होत. १९५३ मध्ये हेलर व बर्गमन यांनी ऐकण्याची तक्रार नसलेल्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत बसविले असता ९४ टक्के व्यक्तींनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले. संपूर्ण शांतता ही कर्णनादाच्या रुग्णाची मित्र नव्हे, हे यातून दिसून आले. १९७० च्या दशकात जॅक व्हर्नन यांनी ध्वनी झाकणारी उपकरणे रुग्णांसाठी वापरात आणली. १९९० मध्ये जॅस्ट्रेबॉफ यांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार नादाचा त्रास केवळ कानात नसून मेंदूतील भय व सावधतेच्या यंत्रणेशी निगडित असतो. त्यातून समुपदेशन व मंद ध्वनी यांच्या साहाय्याने नादाची सवय करविणारी पद्धती विकसित झाली.

आजचे चित्र पुढीलप्रमाणे आहे. कर्णनाद पूर्णपणे नाहीसा करणारे सर्वमान्य औषध उपलब्ध नाही. कानातील मळ, मध्यकर्णाचा दाह यांसारखे कारण सापडल्यास त्यावरील उपचाराने आराम पडू शकतो. श्रवणऱ्हास असल्यास श्रवणयंत्राने बाहेरचे ध्वनी परत मिळतात व नाद मागे पडतो. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात बोधात्मक वर्तनोपचाराने नादाचा जीवनावरील दुष्परिणाम कमी होऊ शकतो, असे आढळले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ध्वनी आणि जिभेवरील सौम्य विद्युत्स्पंदने यांचा एकत्र वापर करणाऱ्या उपकरणास मान्यता दिली, तथापि ते सर्वांसाठीचा अंतिम उपाय नव्हे. एकाच कानातील नाद, नाडीच्या ठोक्यांबरोबर येणारा नाद, चक्कर किंवा अचानक आलेले बहिरेपण यांची तपासणी विनाविलंब झाली पाहिजे. परंपरेने सांगितलेले कर्णपूरणही पडद्याला छिद्र नसल्याची खात्री केल्याशिवाय करू नये.

बदलते पनवेल :

पनवेल परिसराच्या ध्वनिवातावरणात गेल्या काही दशकांत आमूलाग्र बदल झाला. तळोजा औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा लोखंड बाजार, २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, २०१६ मध्ये स्थापन झालेली महानगरपालिका आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ हे या बदलाचे टप्पे होत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. कायद्याने गोंगाटजन्य श्रवणऱ्हास हा कळविण्यास पात्र व्यावसायिक रोग मानला आहे. याउलट, ज्याचे मोजमापच नाही असा कर्णनाद कामगार बहुधा मुकाट्याने सोसतो. उपचारांच्या दृष्टीने वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणशास्त्राचे महत्त्वाचे केंद्र आहे आणि १९९८ पासून उपनगरी रेल्वेने पनवेल मुंबईशी जोडले गेले आहे. अंतर कमी झाले असले तरी तेथवर जावे, हे रुग्णाला सांगणारे कोणी तरी असावे लागते.

निष्कर्ष :

१) प्राचीन ग्रंथांनी कर्णनादाची चिकित्सा औषध व दिनचर्या अशी दुहेरी मानली होती.

२) १८७२ नंतर पनवेलमध्ये घडलेल्या स्थित्यंतराने औषध सर्वदूर पोहोचले, मात्र त्यासोबतचा सल्ला त्याच वेगाने पोहोचला नाही.

३) आधुनिक श्रवणशास्त्रानेही एका रामबाण औषधाच्या शोधाकडून समुपदेशन, ध्वनीचा आधार व सवय यांकडे वाटचाल केली. या अर्थाने पथ्याचे महत्त्व नव्या परिभाषेत परत आले आहे.

४) गोंगाटापासून कानांचे संरक्षण, वेळेवर श्रवणचाचणी आणि रुग्णाच्या शब्दावर विश्वास ही उपचाराची पहिली पायरी होय.

वाढत्या कर्णनादाच्या रुग्णाला 'यावर काहीच उपाय नाही' असे सांगणे हे 'हमखास बरा करतो' असे सांगण्याइतकेच असत्य आहे. नाद राहूनही त्रास ओसरू शकतो, हे त्याला समजावून सांगण्यास वेळ देणारी व्यक्ती हवी. पनवेलच्या जुन्या वैद्यपरंपरेतून काही जतन करावयाचे असेल, तर रुग्णासमोर बसून त्याचे ऐकून घेण्याची ती सवय प्रथम जतन केली पाहिजे.