होमाई व्यारावाला सिंहावलोकन प्रदर्शन

होमाई व्यारावाला (९ डिसेंबर १९१३ – १५ जानेवारी २०१२) या भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. त्यांच्या छायाचित्रांचे सिंहावलोकन प्रदर्शन राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय व अल्काझी फाउंडेशन यांनी २०१० मध्ये दिल्लीत भरविले. पुढील वर्षी ते मुंबईत आले. त्याची मांडणी त्यांच्या चरित्रकार सबीना गडिहोके यांनी केली होती.

माउंटबॅटन यांचे प्रयाण, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरूंच्या अनेक मुद्रा ही सुपरिचित छायाचित्रे त्यात होतीच. मुंबईकर प्रेक्षकांच्या दृष्टीने मात्र १९४२ पूर्वीचा, म्हणजे होमाई दिल्लीस जाण्याआधीचा विभाग अधिक मोलाचा ठरतो. सर जे. जे. कलाशाळेत शिकत असताना त्यांनी सहाध्यायी रेहाना मोगल यांची, तसेच शहरातील दैनंदिन जीवनाची छायाचित्रे टिपली. होमाई तेव्हा अपरिचित होत्या, शिवाय स्त्री. त्यामुळे ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये त्यांची आरंभीची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. प्रदर्शनात ती होमाईंच्या स्वतःच्या नावाने मांडली गेली. ‘डालडा १३’ हे त्यांचे टोपणनाव नंतरचे.

१९७० मध्ये त्यांनी हा व्यवसाय सोडला. त्यांचा छायाचित्रसंग्रह आता अल्काझी फाउंडेशनकडे आहे.