वराहमिहिर

वराहमिहिर : (इ. स. सहावे शतक). अवंती प्रदेशातील ज्योतिर्विद, संहिताकार व संस्कृत ग्रंथकार. ‘पंचसिद्धांतिका’, ‘बृहत्संहिता’ आणि ‘बृहज्जातक’ हे त्याचे तीन प्रमुख ग्रंथ. आर्यभटाने केली तशी स्वतःची नवी गणितपद्धती त्याने उभी केली नाही. त्याच्या काळी प्रचारात असलेल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धती त्याने नोंदवून ठेवल्या आणि कोणती आकाशाशी जुळते, कोणती जुळत नाही हे सांगितले. भारतीय ज्योतिषाच्या आरंभीच्या इतिहासाबद्दल आज जे बोलता येते, त्याचा मोठा भाग या कामावर उभा आहे.

चरित्र : ‘बृहज्जातका’च्या शेवटी त्याने स्वतःविषयी थोडेसे सांगितले आहे. तो आदित्यदासाचा पुत्र, वडिलांकडेच शिकलेला, अवंतीचा रहिवासी. कापित्थक येथे त्याला सूर्याचा वरप्रसाद लाभला. कापित्थक म्हणजे उज्जैनजवळचे कायथा असे अनेक अभ्यासक मानतात. काहींचा कल उत्तर प्रदेशातील संकाश्याकडे आहे. वडिलांचे नाव, स्वतःच्या नावातील ‘मिहिर’ हा इराणी वळणाचा शब्द आणि घराण्यातील सूर्योपासना यांवरून तो मग ब्राह्मणांपैकी, म्हणजे इराणातून आलेल्या सूर्यपूजकांच्या परंपरेतला असावा, असे मत मांडले जाते. सूर्यमूर्तीची प्रतिष्ठा मगांकडून करवून घ्यावी, असे ‘बृहत्संहिते’त सांगितले आहे, हेही या मताला पोषक आहे. त्याचा पुत्र पृथुयशस् याच्या नावावर ‘षट्पंचाशिका’ हा प्रश्नज्योतिषावरील लहानसा ग्रंथ आहे.

‘पंचसिद्धांतिके’तील गणिताचा आरंभ शके ४२७ च्या, म्हणजे इ. स. ५०५ मधील, चैत्र शुक्ल प्रतिपदेपासून धरला आहे. करणग्रंथात, म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोडीसाठीच्या ग्रंथात, बहुधा ग्रंथरचनेच्या जवळचेच वर्ष घेतात, त्यामुळे त्याच्या काळाचा हा सर्वांत भक्कम आधार ठरतो. आर्यभटाचा ‘आर्यभटीय’ इ. स. ४९९ चा, वराहमिहिर त्याचा नावाने उल्लेख करतो. मृत्यू शके ५०९ (इ. स. ५८७) मध्ये झाला, असे आमराज या टीकाकाराच्या आधारे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी मांडले होते. ते स्वीकारले तर इ. स. ५०५ मध्ये तो अगदीच तरुण ठरतो, म्हणून या सालावर फार भार टाकता येत नाही. विक्रमादित्याच्या नवरत्नांपैकी एक म्हणून त्याची ख्याती आहे. पण ती ‘ज्योतिर्विदाभरण’ या बऱ्याच नंतरच्या ग्रंथावर विसंबलेली असून इतिहास म्हणून टिकत नाही.

पंचसिद्धांतिका : पैतामह, वासिष्ठ, रोमक, पौलिश आणि सौर या पाच सिद्धांतांचा हा सारग्रंथ. मूळ सिद्धांत त्या रूपात आज उपलब्ध नाहीत. पैतामहात पाच वर्षांचे युग आणि ३६६ दिवसांचे वर्ष आहे. ही वेदांगज्योतिषाचीच परंपरा. रोमकात २,८५० वर्षांचे युग असून त्यात १,०५० अधिकमास व १६,५४७ क्षयतिथी येतात. हिशेब केला तर १९ वर्षांत ७ अधिकमास पडतात आणि वर्षाची लांबी ३६५ दिवस ५ तास ५५ मिनिटे १२ सेकंद निघते. ही नेमकी ग्रीक ज्योतिर्विद हिपार्कसची वर्षलांबी. सौराचे वर्ष ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटे ३६ सेकंदांचे, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या नाक्षत्र वर्षाच्या जवळचे आहे. वराहमिहिराचा निर्वाळा स्पष्ट आहे : पौलिश अचूक, रोमक त्याच्या जवळपास, सौर त्याहून सरस, उरलेले दोन प्रत्यक्षापासून फार दूर गेलेले. पैतामह हे नाव ब्रह्मदेवाचे आणि वासिष्ठ ऋषीचे; तरीही आकाशाशी मेळ बसत नाही म्हणून ते तळाशी ठेवण्यात त्याने संकोच केला नाही. माझ्या मते त्याची खरी थोरवी इथेच दिसते.

ग्रीक ज्ञानाशी आलेला संबंध तो लपवत नाही. अहर्गणाची, म्हणजे आरंभापासून उलटलेल्या दिवसांची, मोजणी यवनपुराच्या, म्हणजे इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या, सूर्यास्तापासून केली आहे. यवनपूर आणि अवंती यांच्या वेळेतले अंतर तो ७⅓ नाडी देतो, तर वाराणसीपर्यंतचे ९ नाडी. एका नाडीला ६ अंश धरले तर ही रेखांशांतरे अनुक्रमे ४४ आणि ५४ अंश होतात. आजच्या मापाने ती सुमारे ४६ आणि ५३ अंश आहेत. चौदाशे-पंधराशे वर्षांपूर्वी, भूमध्य समुद्राच्या काठापासून गंगेच्या काठापर्यंतच्या अंतरातली ही चूक एक-दोन अंशांचीच आहे. ‘बृहत्संहिते’त तर तो म्हणतो की यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्या ठायी चांगले रुजले असल्याने त्यांनाही ऋषींसारखा मान मिळतो.

‘ज्या’ (साइन) या राशीची कोष्टके त्याने १२० त्रिज्या धरून दिली आहेत. आर्यभटाची त्रिज्या ३,४३८ कलांची. पृथ्वी गोल असून ताऱ्यांच्या पिंजऱ्यात, लोहचुंबकांच्या मधोमध अधांतरी राहिलेल्या लोखंडासारखी स्थिर आहे, असे तो मानतो. ती स्वतःभोवती फिरते हे मत त्याने नाकारले. तसे असते तर घारींसारखे पक्षी आकाशातून आपल्या घरट्यांत परतू शकले नसते आणि ध्वज सतत पश्चिमेकडेच फडकत राहिले असते, ही त्याची कारणे. निष्कर्ष चुकला, पण जडत्वाचा नियम कळण्यापूर्वी या आक्षेपाला उत्तर देणे सोपे नव्हते.

बृहत्संहिता : शंभराहून अधिक अध्याय आणि सुमारे चार हजार श्लोकांचा हा ग्रंथ. ग्रहचार, पर्जन्य, पिके, वास्तू, मूर्ती, रत्ने, पशुलक्षणे, सुगंधी द्रव्ये, शकुन असे विषय त्यात येतात. आजच्या वाचकाला त्यातला शकुनांचा भाग निरुपयोगी वाटेल. वराहमिहिराला मात्र गणित, जातक आणि संहिता ही एकाच शास्त्राची तीन अंगे वाटत होती, आणि तिन्ही आलीच पाहिजेत असा त्याचा आग्रह होता.

अयनबिंदूंविषयी त्याने लिहिलेले विशेष महत्त्वाचे आहे. पूर्वी दक्षिणायन आश्लेषाच्या मध्यापासून व उत्तरायण धनिष्ठारंभापासून होत असे, असे जुन्या शास्त्रांत म्हटले आहे. आता ती कर्क आणि मकर यांच्या आरंभी होतात. शंका असेल तर उगवत्या किंवा मावळत्या सूर्याची जागा दूरच्या खुणेशी ताडून पाहावी, नाहीतर जमिनीवर मोठे वर्तुळ आखून शंकूच्या सावलीचे टोक त्यात कुठे शिरते आणि कुठून बाहेर पडते याच्या खुणा कराव्यात, असे तो सांगतो. ही सरकण अखंड चालणारी गती आहे, इथपर्यंत मात्र तो पोहोचला नाही.

ग्रहणाबाबत तो तितकाच ठाम आहे. चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो, सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो. म्हणून पहिल्यात स्पर्श चंद्राच्या पूर्व कडेला आणि दुसऱ्यात सूर्याच्या पश्चिम कडेला होतो. राहू हे कारण नव्हे. एवढे सिद्ध करून झाल्यावर, ग्रहणकाळच्या दानहवनात राहूला वाटा मिळावा असा ब्रह्मदेवाचा वर असल्याचे सांगून तो लोकाचारालाही जागा देतो.

‘दकार्गल’ अध्यायात जमिनीखालच्या पाण्याचा शोध आहे. उदाहरणार्थ, पाणी नसलेल्या प्रदेशात वेतसाचे झाड दिसले, तर त्याच्या पश्चिमेला तीन हातांवर खणावे. अर्धा पुरुष खोलीवर फिकट रंगाचा बेडूक, मग पिवळी माती, त्याखाली खडक, आणि दीड पुरुषावर पश्चिमवाहिनी शीर लागते. (पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची.) वनस्पती, वारुळे, माती आणि दगड यांच्या खुणांची अशी मालिका पुढे बरीच लांब चालते. आधुनिक भूजल-अभ्यासकांनीही या अध्यायाकडे लक्ष वेधले आहे. गंधयुक्तीच्या प्रकरणात सोळा द्रव्यांतून चार-चार निवडण्याचे १,८२० प्रकार आणि प्रमाणे बदलून होणारी १,७४,७२० मिश्रणे दिली आहेत. संचयगणिताचे हे भारतातील जुन्या उदाहरणांपैकी एक.

भाषा व रचना : ‘पंचसिद्धांतिका’ मुख्यतः आर्या वृत्तात आहे. भागाकार आणि गुणाकार छंदात बसवताना आलेला आखूडपणा कधीकधी दुर्बोध होतो. ‘बृहत्संहिते’त मात्र त्याचा हात मोकळा सुटतो. ग्रहगोचराच्या अध्यायात त्याने अनेक वृत्ते क्रमाने वापरली असून वृत्ताचे नाव त्या त्या श्लोकाच्या अर्थातच गुंफले आहे. फलज्योतिषाचा विषय तोच राहतो आणि छंदःशास्त्राचा पाठही होऊन जातो. संस्कृतातील शास्त्रीय लेखनात इतकी डौलदार रचना क्वचितच आढळते.

इतर ग्रंथ : ‘लघुजातक’, ‘योगयात्रा’, ‘बृहद्यात्रा’, ‘विवाहपटल’ इत्यादी.

परंपरा व संशोधन : दहाव्या शतकातील भटोत्पलाने त्याच्या ग्रंथांवर टीका लिहिल्या; ‘बृहत्संहिते’वरील टीका शके ८८८ (इ. स. ९६६) ची. त्या टीकेत गर्ग, पराशर इत्यादींची आज अन्यत्र न मिळणारी वचने टिकून राहिली. अकराव्या शतकात अल्-बीरूनीने वराहमिहिराचा आदराने उल्लेख केला आणि ‘लघुजातका’चे अरबी भाषांतर केले. ‘बृहत्संहिते’ची हेन्रिक केर्न यांनी संपादलेली आवृत्ती १८६५ मध्ये कलकत्त्याहून निघाली.

‘पंचसिद्धांतिके’चे नशीब तेवढे बलवत्तर नव्हते. हा ग्रंथ जवळजवळ विस्मृतीत गेला होता. मुंबई सरकारसाठी हस्तलिखिते गोळा करताना गेओर्ग ब्यूलर यांना त्याच्या प्रती मिळाल्या. त्या अतिशय अशुद्ध होत्या, त्यांवरून जी. थीबो आणि सुधाकर द्विवेदी यांनी १८८९ मध्ये बनारस येथे पहिली आवृत्ती तयार केली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आपल्या मराठी ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात (१८९६) या पाच सिद्धांतांची आकडेमोड स्वतः करून तपासली आणि वराहमिहिराचा सौर हा आज उपलब्ध असलेल्या ‘सूर्यसिद्धांता’हून वेगळा असल्याचे दाखवले. पुढे ओटो नॉयगेबाउर व डेव्हिड पिंग्री यांची आवृत्ती १९७०–७१ मध्ये आणि टी. एस. कुप्पन्न शास्त्री यांची १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. काही श्लोकांचे पाठ या आवृत्त्यांत अजूनही वेगवेगळे आहेत.