रस्त्यावरच्या दिव्याचा हिशेब

बेंगळुरूला पोस्टिंग झालं की कोणी ना कोणी अभिमानाने सांगतंच, 'आशियात रस्त्यावर विजेचे दिवे पहिल्यांदा इथे लागले.' तारीख खरी आहे, ५ ऑगस्ट १९०५. 'पहिलं' मात्र खरं नाही. दार्जिलिंगला सिद्रापोंगच्या छोट्या जलविद्युत केंद्रातून १८९७ मध्येच वीज मिळू लागली होती. पण बेंगळुरूच्या दिव्यांची गोष्ट आपल्या कामाची आहे, कारण ती एका सॅपर अधिकाऱ्यापासून सुरू होते.

दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या काळात म्हैसूर संस्थानाने कावेरीवर शिवनसमुद्रला वीजघर बांधायला घेतलं. त्यामागचे मुख्य अभियंता होते रॉयल इंजिनिअर्सचे जोली द लोटबिनिएर. १९०२ मध्ये तिथली वीज सुमारे १४७ किलोमीटरच्या तारेवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींना पोचली. शहराच्या रस्त्यांवर ती आली त्यानंतर तीन वर्षांनी. आधी पैसे देणारं गिऱ्हाईक, मग रस्ता, असा तो क्रम होता.

पुढे हेच अधिकारी काश्मीरला गेले आणि त्यांनी झेलमवर मोहोरा वीजघर उभारलं. उरीकडे नोकरी केलेल्यांना ते नाव नवं नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये टोळीवाल्यांनी मोहोरा ताब्यात घेतलं आणि २४ तारखेला श्रीनगर अंधारात गेलं. शत्रू किती जवळ आलाय, हे शहराला त्या विझलेल्या दिव्यांनी सांगितलं. २७ तारखेला सकाळी १ शीख श्रीनगरला उतरली.

विझलेला दिवा म्हणजे एक खबरच असते. पण ती वाचणारं कोणीतरी लागतं.

रस्त्यावरच्या दिव्यांच्या बाबतीत आपण हे वाचन वर्षानुवर्षं टाळलं. दिव्याचे वॅट माहीत, तो संध्याकाळी लागून पहाटे विझतो हेही माहीत, मग मीटर कशाला? दिवे मोजायचे, तास धरायचे, बिल लावायचं. हिशेब सोपा होता, पण त्यात बंद दिव्याचं बिलही चालू दिव्याइतकंच यायचं. त्यामुळे तो बंद आहे याची कोणाला टोचणी लागत नसे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५५ ने दोन वर्षांच्या मुदतीनंतर मीटरशिवाय वीज देऊ नये असं सांगितलं, ते म्हणूनच महत्त्वाचं.

जोडणी अवघड नाही. वीज कंपनीची सर्व्हिस केबल आधी कटआउटमध्ये, तिथून सीलबंद मीटरमध्ये. मीटरनंतर मेन स्विच, मग टायमर किंवा फोटोसेलवर चालणारा कॉन्टॅक्टर, मग प्रत्येक फेजला वेगळा एमसीबी आणि पुढे खांब. मीटरच्या आधी एकही तार फुटता कामा नये. खांब आर, वाय, बी अशा क्रमाने तीन फेजवर वाटायचे, म्हणजे एक फेज गेली तरी दर तिसराच दिवा जातो, सगळा रस्ता अंधारात जात नाही. पेटीला आणि लोखंडी खांबांना अर्थिंग हवंच.

आता हिशेब बघा. १०० वॅटचे ६० दिवे रोज ११ तास जळले, तर रात्रीचे ६६ युनिट आणि ३० रात्रींचे १,९८०. मीटरने १,४८५ दाखवले तर साधारण १५ दिवे बंद आहेत. आकडा १,९८० च्या वर गेला तर दिवे दिवसाही जळताहेत किंवा कोणीतरी आकडा टाकलाय. खांब मोजत फिरण्याआधीच कागद बोलतो.

फौजेत संत्री रात्री काही दिसलं नाही तरी रजिस्टरमध्ये नोंद करतो. वसाहतीचा, सोसायटीचा किंवा गावचा मीटर म्हणजे तसंच रजिस्टर. निवृत्त मंडळींना एकच सांगणं आहे. गावी गेलात की रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल एकदा मागून बघा, आणि त्या रात्री पेटलेले दिवे मोजा.