थरथरत्या गुरुत्वाची कुळकथा

खुर्सीपारशेजारच्या भिलाई पोलाद कारखान्यात वितळलेलं पोलाद लॅडल नावाच्या मोठ्या भांड्यात ओतलं की ते वरून निवांत दिसतं, आत मात्र फिरत असतं. भिंतीलगतचं पोलाद निवतं, जड होऊन खाली सरकतं. मधलं गरम वर राहतं. असे थर साचू नयेत म्हणून पोलादकामात तळातून आर्गॉन सोडून ढवळतात. हे अभिसरण चालवणारं गुरुत्व मात्र कुणी मोजत बसत नाही. ते बदलणार कुठे?

पुस्तकांत अशा अभिसरणाची वंशावळ हेन्री बेनारपासून सुरू होते. १९०० च्या सुमारास खालून तापवलेल्या द्रवाच्या पातळ थरात त्याला प्रवाहाच्या षटकोनी पेशी दिसल्या. १९१६ मध्ये लॉर्ड रॅलेने त्यांचं गणित उत्प्लावकतेवर बसवलं. गंमत अशी, की बेनारच्या त्या पेशींमागे मुख्यतः पृष्ठताण होता; १९५८ मध्ये पिअर्सनने त्याची मीमांसा केली. पुढे १९७१ मध्ये अपोलो १४ च्या प्रवासात गुरुत्व जवळपास जाणवत नसतानाही तापवलेल्या तेलात पेशी उमटल्या.

पण गुरुत्वच बदलू लागलं तर? मला विचाराल तर अशा अस्थिर गुरुत्वाचा खरा पूर्वज लंबक. उलटा लंबक कोसळायचाच. पण त्याचा आधार झपाट्याने वरखाली हलवला तर तो उभा राहतो. अँड्र्यू स्टीफन्सनने हे १९०८ मध्ये मांडलं, प्योत्र कापित्साने १९५१ मध्ये उलगडून सांगितलं. १९७० मध्ये ग्रेशो आणि सानी यांनी हीच नजर द्रवाकडे वळवली. भांडं वरखाली हललं की आतल्या द्रवाला गुरुत्वच कमीजास्त झाल्यासारखं भासतं. खालून तापवलेला थर म्हणजे उलटा लंबक, जड भाग वर. जलद कंपनं त्याला थोपवू शकतात. वरून तापवलेला थर लोंबता, म्हणून सुरक्षित. पण योग्य तालात हलवला तर तोही बिथरतो, आणि बहुधा कंपनाच्या निम्म्या वारंवारतेने डोलू लागतो. झोपाळ्यावर उभं राहून एका फेरीत दोनदा उठबस केली की झोका वाढतो, तसंच.

अंतराळयानांनी हा प्रश्न कागदावरून खाली उतरवला. तिथे जाणवणारं गुरुत्व पृथ्वीवरच्याच्या सुमारे दशलक्षांश, पण पंप, पंखे, दिशा सुधारणारे झोत आणि व्यायाम करणारे अंतराळवीर त्यात सतत थरथर घालतात. तिला जी-जिटर म्हणतात. बंदिस्त भट्टीत स्फटिक वाढत असताना ही थरथर वितळलेल्या पदार्थात प्रवाह उठवते आणि मिश्रण असमान होतं. त्यातही संथ हेलकावे जास्त त्रासदायक, कारण द्रवाला त्यांच्यामागे जायला वेळ मिळतो.

जानेवारी २००७ मध्ये इस्रोची एसआरई-१ ही कुपी धातू वितळवायची छोटी भट्टी घेऊन कक्षेत गेली. तिच्यात निदान व्यायाम करणारं कुणी नव्हतं.