मनगट सुटल्यावर

मंठ्याच्या कबड्डीच्या मैदानावर फक्कीच्या रेषा नुकत्याच पडल्या आहेत. तू उजवा कोपरा राखतोस. शेजारच्याचं मनगट तुझ्या पंजात आहे. चढाई करणारा निदान रेषा ओलांडून आत आला, बोनससाठी पाय लांबवला, आणि तू त्याच्या घोट्यावर झेपावलास. त्याच क्षणी साखळी वळली, दोघं त्याच्या वाटेत आले, आणि मध्यरेषा त्याला दिसेनाशी झाली. तुम्ही एकमेकांशी एक शब्द बोलला नव्हता. तुझा पंजा घट्ट झाला तेव्हाच शेजाऱ्याला कळलं होतं की तू सुटणार.

हा मनगटाचा दाब ध्यानात ठेव. आता डोळे मीट.

उघड. 19 नोव्हेंबर 1892, स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स. अंगात हार्वर्डचा गडद लाल सदरा, डोक्यावर काहीच नाही. खेळ अमेरिकन फुटबॉलचा, समोर येल. दुसरा डाव सुरू होतोय आणि तुमची माणसं दोन टोळ्यांत, दोन बाजूंना, बरीच मागे उभी आहेत. ही चाल लॉरिन डेलँडची. तो स्वतः हा खेळ कधी खेळला नाही. बुद्धिबळ आणि नेपोलियनच्या लढाया हा त्याचा अभ्यास. इशारा होतो, दोन्ही टोळ्या तिरक्या धावत येतात आणि भर वेगात एकमेकींना मिळून पाचर होतात. चेंडू घेतलेला चार्ली ब्रूअर त्या पाचरीच्या पोटात आहे. तू पाचरीची कड आहेस. येलचा खेळाडू तुझ्यासमोर येतो तेव्हा तुझ्यामागच्या सगळ्यांचं वजन तुझ्या खांद्यातून त्याच्यावर जातं. तू आयुष्यभर पकडी केल्यास, म्हणून तुला आधी तोच दिसतो: खाली गेलेला, एकटा. सामना येलनेच 6–0 असा जिंकला, पण ही पाचर सगळ्यांच्या डोळ्यांत भरली.

ती दोन वर्षांत बंद झाली, तरी घोळक्याने घुसणं थांबलं नाही. सोबत्याचा पट्टा धरायचा, हातात हात अडकवायचे आणि चेंडूवाल्याला ढकलत, ओढत न्यायचं. 1905 च्या हंगामात शिकागोच्या वर्तमानपत्राने 18 मृत्यू मोजले. त्याच ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष रूझवेल्टनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं होतं. नियम बदलत गेले आणि 1910 मध्ये घाव मुळावर पडला: चढाई करणाऱ्या संघाचे किमान सात जण रेषेवर हवेत, आणि सोबत्याला हाताने धरून अडथळा उभारायचा नाही.

म्हणजे तुझी साखळीच काढून घेतली. प्रतिस्पर्ध्याला धरलं तर दंड, आपल्या माणसाला धरलं तरी दंड. माझ्या मते या खेळातली खरी बुद्धी इथून सुरू होते. पुढची शंभर वर्षं रेषेवरच्या फळीतले लोक एकाच प्रश्नाशी झुंजले: हात न धरता एकत्र कसं राहायचं?

पुढे चल. 31 डिसेंबर 1967, ग्रीन बे. तापमान उणे 25 अंश सेल्सिअस. मैदानाखालची गरम ठेवणारी यंत्रणा बंद पडलीय आणि माती दगड झालीय. पॅकर्स 14, डॅलस 17. सोळा सेकंद उरलेत, गोलरेषा हातभर दूर, आणि थांबण्याची शेवटची संधी वापरून झालीय. तू जेरी क्रेमरच्या जागी आहेस, उजवा गार्ड. समोर जेथ्रो प्यू. त्याच आठवड्यात फिल्म बघताना तुझ्या लक्षात आलंय की गोलरेषेजवळ तो उंच उठतो. सांगितलेल्या चालीचं नाव आहे वेज, पाचर. पण ही पाचर दोघांचीच. बुटाला जेमतेम टेकायला जागा सापडते. तळहात पुढे ताणायची मुभा अजून नाही, ती 1978 मध्ये येईल. म्हणून खाली वाकून खांदाच घालायचा. सेंटर केन बोमन बाजूने येतो, प्यू उचलला जातो, आणि क्वार्टरबॅक बार्ट स्टार चेंडू कुणाला न देता तुझ्यामागून आत पडतो. 21–17.

आणखी एकतीस वर्षं. 27 डिसेंबर 1998, डेन्व्हर, समोर सिॲटल. फळीचा प्रशिक्षक ॲलेक्स गिब्स. त्याची माणसं इतर संघांच्या मानाने हलकी आहेत, पण चपळ. इथे तुला एक ठरलेला माणूस दिलेला नाही, एक पट्टा दिलाय. चेंडू हलताच पाचही जण एकाच बाजूला पहिला पाय टाकतात. तू आणि शेजारचा सेंटर, कंबरेला कंबर लावून, एकाच बचावपटूला रेटता. तो तुझ्याकडे झुकला तर तो तुझा. सेंटर सुटून मागच्या लाइनबॅकरकडे जाईल. उलट झालं तर तू सुटायचं. कोण सुटणार हे ओरडून सांगायला वेळच नसतो. कंबरेवरचा दाब बदलतो आणि तुला कळतं.

कळलं ना, लगेच? इथे तुला नवखेपण वाटत नाही. हाच खेळ पुढे भारतातही आला: 2012 मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियात पुणे मराठाज उतरले आणि पहिला हंगाम जिंकलेही. ती लीग टिकली नाही याची मला मनापासून हळहळ वाटते. साखळीत वाढलेली आपली मुलं हे काम फार लवकर शिकली असती.

पुन्हा डेन्व्हर. मागून चेंडू घेऊन टेरेल डेव्हिस येतोय. तो घाई करत नाही. फळी सरकताना फट कुठे पडते ते बघतो, एकदाच पाय रोवून वळतो आणि निघून जातो. हंगामात दोन हजार यार्ड पुरे करायला त्याला आज 170 हवे होते. तो 178 घेतो. एकूण 2008. फलकावर त्याचं नाव आणि तो आकडा लागतो. ब्लॉकचा, म्हणजे अडवणुकीचा, आकडा तिथे नसतो, म्हणून नावं इथे लिहून ठेवतो, डावीकडून उजवीकडे: टोनी जोन्स, मार्क श्लेरेथ, टॉम नेलन, डॅन नील, हॅरी स्वेन.